ऑपरेशनआधीचा रक्तनमुना: मुदत कशी ठरते, चुकते कुठे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात कॉलेजे बंद होतात, रक्तदान शिबिरे रोडावतात आणि 'रक्ताअभावी शस्त्रक्रिया लांबणीवर' ही बातमी येते. तुटवडा खराच असतो. पण लांबलेल्या प्रत्येक ऑपरेशनमागे रिकामा फ्रीज नसतो. पुष्कळदा पिशव्या असतात. रुग्णाचा नमुनाच आदल्या रात्री आलेला असतो, नाहीतर इतका आधी आलेला असतो की त्याची मुदत उलटून गेलेली असते. नातेवाईकांना हे कोणी समजावून सांगत नाही, आणि खापर रक्तपेढीच्या 'नियमांवर' फुटते.

क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या तांबड्या पेशी एकत्र आणून त्यांचे जुळते का ते पाहणे. जेल कार्डावर (जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या कार्डावर) 0.8 टक्के पेशींचे 50 मायक्रोलिटर मिश्रण, त्यावर 25 मायक्रोलिटर रक्तद्रव, 37 अंशांवर 15 मिनिटे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये 10 मिनिटे. पेशी तळाला बसल्या तर जुळले. वर किंवा मध्ये अडकल्या तर नाही. काम अर्ध्या तासाचे. पण मिळालेले उत्तर नमुना काढला त्या क्षणाच्या रक्ताबद्दलचे असते, आणि रुग्णाचे रक्त बदलू शकते.

ते बदलते प्रामुख्याने दोन कारणांनी: रक्त चढवल्याने आणि गर्भारपणाने. दोन्हींत परक्या पेशी शरीरात जातात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होऊ शकतात. किड (Kidd) या रक्तगट-प्रणालीविरुद्धची प्रतिपिंडे यात सर्वांत फसवी. काही महिन्यांत ती इतकी घटतात की चाचणीत सापडत नाहीत. तशाच पेशी पुन्हा मिळाल्या की थोड्या दिवसांत उसळी घेतात. मंगळवारच्या नमुन्यात क्रॉसमॅच स्वच्छ आणि पुढच्या सोमवारी तीच पिशवी न जुळणारी, असे होऊ शकते. जुन्या नमुन्यावर विसंबून ती चढवली, तर काही दिवसांनी हिमोग्लोबिन घसरते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. घरच्यांना वाटते, कावीळ झाली.

म्हणून मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलेले असेल, गर्भारपण असेल, किंवा याची खात्रीलायक माहिती नसेल, तर नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही. अमेरिकेतील एएबीबी या संस्थेच्या मानकांत नमुना काढल्याचा दिवस शून्य धरतात: सोमवारी काढलेला नमुना गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत चालतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सरळ 72 तास मोजतात. कोणतीही पद्धत धरा, पण एका रुग्णालयात एकच धरा. वॉर्ड दिवस मोजतो आणि रक्तपेढी तास, यातून गुरुवारी संध्याकाळी हमखास वाद होतो.

ज्यांना तीन महिन्यांत रक्तही मिळाले नाही आणि गर्भारपणही नव्हते, त्यांच्या नमुन्याची मुदत वाढवता येते. परदेशात अनेक रुग्णालये ती 14 किंवा 30 दिवस ठेवतात. गुडघ्याच्या किंवा पित्ताशयाच्या ठरलेल्या ऑपरेशनसाठी ही मोठी सोय आहे. भूल देण्यापूर्वीच्या तपासणीच्या दिवशीच नमुना घ्यायचा, गट आणि अँटिबॉडी स्क्रीनिंग (रक्तद्रवात अशी प्रतिपिंडे आहेत का याची चाचणी) करून ठेवायचे. स्क्रीनिंगमध्ये काही निघाले तर जुळणारी पिशवी शोधायला हाताशी आठवडा असतो. बॉम्बे गट या दुर्मिळ रक्तगटाचा रुग्ण आदल्या रात्री सापडणे आणि दहा दिवस आधी सापडणे यात जमीनअस्मानाचा फरक आहे. 1952 साली मुंबईतच ओळखल्या गेलेल्या या गटाला ओ गटाचे रक्तही चालत नाही, आणि दाता कधी कधी दुसऱ्या राज्यातून शोधावा लागतो.

वाढीव मुदत अर्धवट पाळली तर मात्र धोक्याची आहे. तीन महिन्यांचा प्रश्न नमुना घेताना लेखी विचारावा आणि भरतीच्या दिवशी पुन्हा विचारावा, कारण मधल्या काळात रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात रक्त मिळालेले असू शकते. गर्भपातही गर्भारपणातच धरायचा. सासूसमोर विचारले तर खरे उत्तर मिळेलच असे नाही, म्हणून सिस्टरने बाजूला घेऊन विचारावे. आणखी एक गोष्ट वारंवार निसटते. वाढीव मुदतीच्या नमुन्यावर पहिली पिशवी चढली की वाढीव मुदत तिथेच संपते. रुग्ण आता 'रक्त मिळालेला' झाला. पुढच्या पिशव्यांसाठी तीन दिवसांचा हिशेब लागू होतो.

नंदुरबार, गडचिरोलीकडील सिकलसेलच्या रुग्णांना आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर वाढीव मुदत लावूच नये. खुब्याचे किंवा प्लीहेचे ऑपरेशन ठरले, की वर्षानुवर्षे कुठे कुठे रक्त घेतले त्याची जुनी कार्डे नमुन्यासोबत पाठवावीत. एकदा सापडलेले प्रतिपिंड आज दिसत नसले तरी त्याला चालेल असेच रक्त द्यावे लागते, आणि ते जुन्या कार्डावरूनच कळते. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी डाराटुमुमॅब हे औषध चालू असेल तर तेही फॉर्मवर हवे; त्या औषधामुळे स्क्रीनिंगमधील सगळ्याच पेशी चिकटतात आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

नमुना साठवण्यातही चुका होतात. नळी 2 ते 8 अंशांवर ठेवायची, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही. गोठल्या की पेशी फुटतात. इडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळी नळी, रक्तद्रव पेशींपासून वेगळा न करता, सातेक दिवसांपुढे वापरू नये. जास्त ठेवायचे असेल तर रक्तद्रव वेगळा काढून गोठवावा. सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलेला नमुना पातळ होतो, मग क्षीण प्रतिपिंड सापडत नाही. बारीक सुईतून जोराने ओढलेला नमुना लालसर दिसतो. तो परत पाठवला तर कृपया रागावू नका: क्रॉसमॅचमध्ये पेशी फुटणे हेही न जुळल्याचे लक्षण असते आणि आधीच लाल असलेल्या रक्तद्रवात ते ओळखू येत नाही.

सर्वांत घातक चूक लेबलची. नळ्या आधी भरून नर्सिंग स्टेशनवर एकत्र लेबल लावणे थांबलेच पाहिजे. रुग्णाला त्याचे नाव सांगायला लावावे, हातावरचा पट्टा आणि आयपीडी नंबर पडताळावा आणि पलंगापाशीच नळीवर तारीख, वेळ आणि सही घालावी. नव्या रुग्णाचा गट खात्रीचा करण्यासाठी दुसरा नमुना मागतात, तो वेगळ्या वेळी, शक्यतो वेगळ्या व्यक्तीने घेतलेला हवा. एकाच वेळी दोन नळ्या भरून एक खिशात ठेवली आणि तासाभराने पाठवली, तर चुकीच्या रुग्णाचे रक्त दोन्ही नळ्यांत असेल आणि गट दोन्हींत 'जुळेल'.

शेवटी राखून ठेवलेल्या पिशव्या. साध्या हर्नियासाठी दोन पिशव्या क्रॉसमॅच करून अडवण्याची गरज नाही. गट आणि स्क्रीनिंग पुरते. क्रॉसमॅच केलेल्या पिशव्या भागिले चढवलेल्या पिशव्या, हा आकडा 2 च्या पुढे गेला तर मागणी गरजेपेक्षा जास्त आहे असे समजावे. एसएजीएम या पेशी टिकवणाऱ्या द्रावणातील तांबड्या पेशी 42 दिवस टिकतात. त्यातले प्रत्येकी तीन दिवस चार वेगवेगळ्या रुग्णांसाठी नुसतेच अडकले तर बारा दिवस गेले. ऑपरेशन रद्द झाले की थिएटरमधून रक्तपेढीला एक फोन यावा, ती पिशवी त्याच संध्याकाळी दुसऱ्याला देता येते.

प्रत्येक रुग्णालयाने आपल्या रक्तमागणी फॉर्मवर एक ओळ ठळक छापावी, ही विनंती: 'गेल्या तीन महिन्यांत रक्त / प्रसूती / गर्भपात / सध्या गर्भवती: होय, नाही, माहीत नाही.' 'माहीत नाही' हे उत्तर 'होय' धरले जावे. ओळ कोरी असेल तर तीही 'होय' धरावी.

आपले,
रक्तपेढीत काम करणारे काही तंत्रज्ञ, नाशिक