सुशोभीकरणाआधी पावनखिंडीच्या जमिनीची नोंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै उजाडला की पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीच्या बातम्या येऊ लागतात आणि पाठोपाठ खिंडीच्या सुशोभीकरणाची मागणीही होते. त्यामागील भावनेविषयी शंका नाही. मात्र जी जागा सुशोभित करायची, तिची शास्त्रशुद्ध नोंद आधी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे व बांदल मावळ्यांनी घोडखिंड (आजची पावनखिंड) रोखून धरली, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगेल. परंतु त्या वेळची वाट ओढ्याच्या पात्रातून जात होती की कड्याच्या अंगाने, एका वेळी किती माणसे आत शिरू शकत, रान किती दाट होते, हे जेधे शकावलीतल्या (जेधे घराण्याच्या सालवार टिपणातल्या) त्रोटक नोंदींवरून कळत नाही. लढाईच्या नेमक्या जागेविषयी मतभेद होतात ते यामुळेच.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर (1876 साली अमेरिकी सैन्य आणि मूळनिवासी टोळ्या येथे लढल्या) 1983 साली वणव्याने गवत जळाले, त्यानंतर धातुशोधक यंत्रांनी पद्धतशीर पाहणी झाली आणि काडतुसे कुठे कुठे पडली यावरून सैनिकांच्या हालचाली मांडता आल्या. आपल्याकडे ती सोय फारशी नाही. आषाढाच्या पावसात तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या बंदुका कितपत चालणार? शिवाय जे लोखंड तिथे पडले असेल, ते साडेतीनशेहून अधिक पावसाळ्यांत गंजून गेले असणार किंवा ओढ्याने वाहून नेले असणार. त्यामुळे येथे जमिनीचा उतार, कातळाची ठेवण आणि पाण्याची वाट हाच मुख्य पुरावा ठरतो. आज लोखंडी शिडीवरून पात्रात उतरताना दोन्ही बाजूंचे काळे कातळ हाताला लागतात. पण पर्यटकांच्या सोयीसाठी जिथे काँक्रीट पडले, तिथला मूळ चढ-उतार आता कोणाला मोजता येणार नाही. सोय नको असे नाही, पण मोजमाप तिच्याआधी हवे.

हेच मसाई पठारापासून आंबेवाडी, पांढरपाण्यापर्यंतच्या वाटेलाही लागू आहे. या वाटेवर काही ठिकाणी दगडी फरसबंदी दिसते. ती कोणत्या काळातली, हे ठरण्याआधीच तिच्यावर मुरूम-डांबर पडू नये. आपल्याच जिल्ह्यातील काही सडे (कातळाची पठारे) बॉक्साइटसाठी खणले गेले आहेत आणि खणलेला सडा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

काम अवाक्याबाहेरचे नाही. भूमी अभिलेख कार्यालयातील जुने गाव-नकाशे, कोल्हापूर पुराभिलेखागारातील मोडी कागद, विशाळगड जहागिरीची दप्तरे आणि वाटेवरील धनगरवाड्यांतील वडीलधाऱ्यांना माहीत असलेल्या पाणंदी, पाणवठे व देवराया एकाच नकाशावर आणता येतील. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास व भूगोल विभागांनी पुढाकार घ्यावा. हौशी मंडळींनी मात्र धातुशोधक यंत्रे घेऊन तिथे फिरू नये. वस्तू जागची हलली की तिची अर्धी साक्ष संपते.

जुलै 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, याचा आनंदच आहे. विशाळगड आणि या दोन गडांमधली वाट मात्र त्या नोंदीत नाही. तेव्हा खिंडीतील कोणत्याही नव्या बांधकामाला मंजुरी देण्यापूर्वी ड्रोनद्वारे उंचसखलपणाचे सर्वेक्षण आणि पुरातत्त्व खात्याचा अभिप्राय जिल्हा प्रशासनाने सक्तीचा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर