खासगी जेटवरील कर माणशी नको, उड्डाणामागे हवा

संपादक महोदय,

खासगी जेटने फिरणाऱ्यांकडून जास्त कर घ्यायला काही देशांनी सुरुवात केली आहे. फ्रान्सने मार्च २०२५ पासून विमानाचा प्रकार आणि अंतर पाहून माणशी २१० ते २,१०० युरो कर लावला. ब्रिटनमध्ये प्रवासी शुल्काचा सर्वांत चढा दर मोठ्या खासगी जेटना लागतो. या दोन्ही निर्णयांचे मी मनापासून स्वागत करतो. पण दोन्हीकडे माणसे मोजून कर घेतला जातो, आणि मला तिथेच आक्षेप आहे.

खासगी विमान अनेकदा मालकाला सोडून रिकामे परतते किंवा त्याला आणायला रिकामेच जाते. इंधन जळते, धावपट्टी अडते, हवाई नियंत्रकांना तेवढेच लक्ष द्यावे लागते. प्रवासी नाही म्हणून कर मात्र शून्य! डझनभर जागांच्या विमानात एकच माणूस बसला, तर कर एकाचाच. सर्वांत उधळ्या उड्डाणाला सर्वांत कमी भुर्दंड, असा हा हिशेब आहे.

नुसत्या इंधनावर कर लावूनही भागणार नाही. नागरी विमान वाहतुकीबाबतच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारानुसार परदेशातून टाकीत आलेल्या इंधनावर शुल्क घेता येत नाही, त्यामुळे कर नसेल तिथे टाकी भरून घेण्याची पळवाट राहतेच. त्यापेक्षा विमानाचे वजन आणि अंतर यांवर कर बसवावा. युरोपात ‘युरोकंट्रोल’ ही हवाई वाहतुकीचे नियोजन पाहणारी संस्था हवाई मार्गाचे शुल्क याच दोन गोष्टींवरून ठरवते, म्हणजे मोजमापाची पद्धत तयारच आहे. मात्र जवळच्या उड्डाणांना किमान कराची अट हवी. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास निम्मी खासगी उड्डाणे ५०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराची आढळली. नुसत्या अंतरावर कर बसला, तर रेल्वेने सहज जाण्याजोगे हे प्रवास किरकोळ रकमेत सुटतील.

विमान खरेदीवरील सवलतींचाही विचार व्हायला हवा. अमेरिकेत २०२५ च्या कायद्याने व्यवसायासाठी घेतलेल्या विमानाची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा पुन्हा दिली. नियमित विमानाच्या तिकिटावर साडेसात टक्के कर भरणाऱ्या सामान्य प्रवाशावर हा उघड अन्याय आहे.

रुग्णांना नेणारी आणि आपत्तीत मदत पोहोचवणारी विमाने करातून जरूर वगळावीत. बाकी कोणालाही, विमान रिकामे असले तरी, सूट नको.

– एक वाचक