दुसरी बाटली लावण्याआधी : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांत उमेदीची वर्षे काढून निवृत्त झालेला मी एक वैद्यकीय अधिकारी आहे. उपजिल्हा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत हृदयाचा प्रोब (छातीवर टेकवायचा हातातला भाग) असलेले सोनोग्राफी यंत्र असावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

सोयाबीनच्या सवंगणीत तापाने फणफणलेली एक मजूर बाई आली. वजन ४० किलो, अंगात रक्त कमी, वरचा रक्तदाब ८०. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, किलोमागे ३० मिलिलिटर सलाईन द्यावे, या सूत्राने मी १२०० मिलिलिटर दिले. दाब हलेना, म्हणून आणखी एक बाटली लावली. तासाभरात ती धापा टाकत उठून बसली आणि पाठीला स्टेथोस्कोप लावला, तर खालपासून वरपर्यंत बुडबुड ऐकू आली, म्हणजे फुप्फुसांत पाणी भरले होते. १०८ च्या गाडीतून तिला नागपूरला धाडले. ती वाचली, यात माझी हुशारी नाही.

हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, हे रक्तदाबावरून कळत नाही. निरोगी प्रौढात ते साधारण ५ लिटर असते. ते मोजण्यासाठी फुप्फुसाच्या धमनीत कॅथेटर (बारीक नळी) सरकवण्याची १९७० पासूनची पद्धत तालुक्याच्या ठिकाणी झेपणारी नाही. मात्र छातीवर प्रोब ठेवून डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या) रक्त बाहेर पडण्याच्या तोंडाचा व्यास आणि एका ठोक्यात रक्त कापते ते अंतर मोजता येते. व्यास २ सेंमी व अंतर २० सेंमी असेल, तर ठोक्याला सुमारे ६३ मिलिलिटर; त्याला मिनिटाच्या ठोक्यांनी गुणले, की मिनिटाचा आकडा मिळतो. शिवाय रुग्णाचे पाय ४५ अंशांत उचलले, की सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते, आणि मिनिटभरात आकडा १० टक्के वाढला तरच सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता असते. पाय खाली ठेवले की ते रक्त माघारी जाते. शिरेतून दिलेले सलाईन असे काढून घेता येत नाही.

प्रोबचा कोन चुकला की आकडा कमी येतो, त्यामुळे नुसते यंत्र पाठवून भागणार नाही. नागपूर किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात आमच्या तरुण डॉक्टरांना रुग्णाच्या खाटेशी उभे करून शिकवावे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यान्वये होणारी सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी योग्यच आहे. पण तिच्या धास्तीने यंत्र सायंकाळी कुलपात जाऊ नये, म्हणून अतिदक्षता विभागातील वापर व रात्रपाळीच्या डॉक्टरांची नावे नोंदणीतच घेण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी