थॉमसनच्या जागी वाइनची द्राक्षं लावताना

नाशिक

प्रिय सुधीर,

दिंडोरीच्या मळ्यातले दोन एकर थॉमसन हे खायचं बिनबियांचं द्राक्ष काढून तिथं वाइनची जात लावायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. धास्ती अशासाठी, की तुला खायचं द्राक्ष चांगलं येतं. थॉमसनमध्ये मणी फुगवायचा असतो, म्हणून जीएच्या (जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाच्या) बुडवण्या, गर्डलिंग (सालीचं वलय काढणं), पाण्याचा सढळ हात. वाइनच्या बागेत यातलं जवळजवळ सगळं बंद. रंग, वास, तुरटपणा सालीत आणि सालीलगत असतो. मणी लहान असेल तरच रसाच्या मानानं साल जास्त येते.

रोपं सांगायच्या आधी वायनरीशी लेखी करार कर, यात मात्र ढिलाई नको. या मालाला दुसरं गिऱ्हाईक नाही. मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. तो खायला कुणी घेत नाही आणि त्याचा धड बेदाणाही होत नाही. 2001च्या धोरणानंतर नाशकात वायनऱ्या वाढल्या, लोकांनी भराभर लागवडी केल्या. 2008-09च्या मंदीत खरेदी थांबली आणि कित्येकांना उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. 2010मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन तुझा माल उचलत नाही. जात, ब्रिक्स (रसातली साखर) आणि पीएचची (आम्लता जितकी जास्त तितका तो कमी) मर्यादा, तोडणीचा दिवस कोण ठरवणार, वजन कुठल्या काट्यावर, पैसे किती दिवसांत, माल नाकारला तर वाहतूक कुणाची, हे सगळं कागदावर हवं. जातही मग वायनरीच्या मागणीप्रमाणेच ठरव. पांढऱ्यात शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां, लालमध्ये शिराझ आणि कॅबर्ने आपल्याकडे रुळलेत. कॅबर्ने उशिरा पिकतं, म्हणून मार्चच्या उन्हात सापडायची भीती जास्त.

ज्यावर कलम करायचं तो खुंट डॉगरिज नको, 110आर घे. डॉगरिज जोर फार धरतो आणि पोटॅश ओढतो. पोटॅश वाढलं की रसाचा पीएच चढतो. मंडप आणि वाय आकाराचा आधार विसर, सरळ उभ्या तारा ओढ. 8 बाय 4 फुटांवर एकरी साधारण 1360 वेली बसतात. एकरी साडेचार टन माल धरलास तर वेलीला सव्वातीन किलोच्या आसपास येतं. त्यापुढचे घड मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडायच्या, आधी काढून टाक. हात जड होतो, ठाऊक आहे, पण जास्त मालावर साखर रेंगाळते आणि तोवर आम्लता निघून जाते.

आपल्याकडे वेल थंडीनं झोपत नाही, म्हणून वाइनच्या द्राक्षालाही दोन छाटण्या लागतातच: खरड छाटणी नव्या काड्यांसाठी, फळछाटणी घडांसाठी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर 40 ते 60 दिवसांत डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. तेव्हा काडीवर ऊन पडलं पाहिजे. दाटी झाली किंवा नत्र-पाणी जास्त झालं, तर ऑक्टोबरात घडाऐवजी नुसती बाळी (वेलीचा तणावा) दिसते. फळछाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घे आणि कितव्या डोळ्यावर कापायचं ते त्यावरून ठरव. सप्टेंबरात घाई केलीस तर परतीच्या पावसात कोवळी फूट डावण्या या बुरशीच्या तोंडी जाते. फार लांबवलंस तर माल उन्हाळ्यात पिकतो. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट हातमोजे घालूनच लावायची, आणि लावणाऱ्या माणसांनी आदल्या दिवशी व नंतरचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. त्या रसायनानं शरीरात दारूचं विघटन अडतं आणि माणूस गंभीर आजारी पडू शकतो. मजुरांना हे स्वतः समजावून सांग.

भुरीच्या बुरशीवर गंधक चांगलं, पण तोडणीच्या बरंच आधी थांबव. सालीवर राहिलेल्या गंधकापासून आंबवताना सडक्या अंड्याचा वास सुटतो. सोव्हिन्यों ब्लांवर उशिरा तांबंही नको, त्याच्या खास वासाची द्रव्यं तांबं बांधून टाकतं. पानं विरळायची तर घडांपाशी, फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची. पश्चिमेची तशीच ठेव, नाहीतर मणी भाजतात. पाणी उतरल्यावर पाणी कमी कर, पण तोडू नको. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली की पिकणं थांबतं. मग ब्रिक्स वाढतो तो केवळ मणी सुकल्यानं. नत्रही कमी कर, पण तोडू नको. रसात यीस्टला लागणारा नत्र लिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली गेला की आंबवण अडकू शकतं.

तोडणी जवळ आली की साखर मोजणाऱ्या नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर जाऊ नको. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरचे, मधले, खालचे असे 200 मणी घे, टोकाच्या वेली सोडून. एकत्र चुरडून त्या रसाचा ब्रिक्स आणि पीएच बघ. पांढऱ्याला 21-22 ब्रिक्स आणि 3.3च्या आसपास पीएच, लालला 23-24 आणि 3.6पर्यंत. स्पार्कलिंग (फसफसत्या) वाइनला घेणारे 17 ते 19वरच तोडायला सांगतात, त्यांना आम्लता हवी असते. वायनरीवाले पीएचसाठी का भांडतात हे तुला कळायला हवं: 3.6च्या वर वाइनमध्ये घातलेल्या सल्फर डायऑक्साइडचा पहारा ढिला पडतो, जिवाणू शिरतात, लाल रंग मळकट होतो. टार्टरिक आम्ल घालून सुधारता येतं, लिटरला 1 ग्रॅमनं पीएच साधारण 0.1 उतरतो, पण गरम रात्रींत उडालेलं मॅलिक आम्ल त्यानं परत येत नाही. बियाही चावून बघ. हिरव्या आणि कडू असतील तर लाल जात अजून थांबव.

तोडणी पहाटे, उथळ क्रेटमध्ये, आणि ऊन चढायच्या आत माल वायनरीत. गोणीत भरलास तर खालचे मणी फुटून रस वाटेतच आंबायला लागतो, पांढरा तर लगेच तपकिरी पडतो.

पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे माती आणि विहिरीचं पाणी तपासायला आधी पाठव. पाण्यात क्षार जास्त निघाले तर खुंटाचा विचार पुन्हा करावा लागेल, म्हणून अहवाल आणि कराराचा मसुदा दोन्ही मला धाड. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक