सोनूच्या वजनाची वही

सिॲटल,
१४ नोव्हेंबर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

सोनूला त्याच्या ताईची अस्थिमज्जा चढवून आज आठ दिवस झाले. काल फोनवर वहिनी हरखून म्हणाल्या की तोंड आल्यामुळे घास उतरत नसतानाही त्याचे वजन दोन दिवसांत ६०० ग्रॅमने वाढले. त्या आनंदावर विरजण घालणे माझ्या जिवावर आले. तरीही ही गोष्ट लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला, असे मी सांगितले. घाईत कारण नीट सांगता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मुलाचे वजन वाढले की ते अंगी लागले असे आपण मानतो. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मात्र न खाता वाढलेले वजन बहुधा पाण्याचे असते. ते कधी सलाइनचे असते, तर कधी यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा झाल्याची ती पहिली खूण असते. जुनी मज्जा नाहीशी करण्यासाठी सोनूला बसल्फान हे जहाल औषध दिले आहे, आणि थॅलेसेमियामुळे वर्षानुवर्षे रक्त चढवावे लागल्याने त्याच्या यकृतात लोह साठलेले आहे. या दोन्हींमुळे हा धोका वाढतो. दादा, आपल्या उसाच्या पाटाची कड ढासळली की माती पाटात येते, पाणी पुढे सरत नाही आणि मागे तुंबून रानात पसरते. तसेच येथे होते. वाहिन्यांचे अस्तर सुजून सुटते, वाट अरुंद होते, रक्त मागे तुंबते, यकृत सुजून दुखू लागते आणि पोटात पाणी साठते. याचे निदान कसे करावे याचे निकष याच शहरातील डॉक्टरांनी १९८४ साली मांडले. त्यांत वजन, यकृताची सूज आणि बिलिरुबिन (रक्तात वाढले की कावीळ दिसते ते पिवळे द्रव्य) या तीन गोष्टी होत्या. परंतु लहान मुलांत कावीळ न दिसताही हा विकार होतो, त्यामुळे डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका. प्लेटलेट चढवूनही आकडा वर येत नसेल, तर तीही एक खूण असते.

सौम्य त्रास आपोआप ओसरतो. तीव्र झाला तर तो जिवावर बेततो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्यावर डेफिब्रोटाइड हे औषध आहे. अमेरिकेत त्याला २०१६ साली मान्यता मिळाली. ते दर सहा तासांनी शिरेतून, सहसा किमान २१ दिवस देतात. ते जितके लवकर सुरू होईल तितका उपयोग अधिक, आणि माझी सारी घाई त्यासाठीच आहे.

वहिनी, गावाकडून कोणी काढा किंवा मुळी पाठवली तर ती प्रेमाने बाजूला ठेवा. १९७५-७६ मध्ये आताच्या छत्तीसगडमधील सरगुजा भागात गोंदली या भरड धान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या झुडपाचे बी मिसळले गेले आणि ते खाणाऱ्या माणसांच्या यकृतातील याच वाहिन्या बंद पडून अनेकजण दगावले. वनस्पतीचे आहे म्हणून ते निरुपद्रवी असतेच असे नाही, हे मी येथे औषधे देताना रोज पाहते.

घरी आल्यावरही रक्तदाब मोजत राहा. सायक्लोस्पोरिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या औषधांमुळे कधीकधी मूत्रपिंडातील बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गाठी होतात. तेव्हा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जातात आणि तुटलेल्या तांबड्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. असे वाटले तरी गोळी स्वतःहून बंद करू नका, कारण तिच्याविना ताईच्या पेशी सोनूच्या शरीरावरच उलटू शकतात.

एक वही करा. रोज सकाळी, त्याच काट्यावर, तशाच हलक्या कपड्यांत वजन करा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजून दोन्ही आकडे लिहा. प्रत्यारोपणाआधी तो २० किलोचा होता, म्हणजे १ किलो वाढ ही पाच टक्के झाली. ती तशीच राहिली, किंवा सलग तीन दिवस वजन चढत गेले, तर राउंडची वाट न पाहता सिस्टरना बोलवा. त्रास देतो आहोत असे मनात आणू नका. येथे एका बाईंनी हाच संकोच केला आणि दोन दिवस हातचे गेले. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

तुमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा माझी आदल्या दिवशीची संध्याकाळ असते आणि मी कामावरून परतलेली असते. वहीच्या पानाचा फोटो त्याच वेळी पाठवत जा. ताईची मज्जा काढलेली जागा अजून दुखते का, तेही कळवा.

तुमची बहीण