ई-४ सोडायच्या आधी

चि. मनवास, अनेक आशीर्वाद.

काल बुद्धिबळाचा डाव हरल्यावर "बाबा, मी आता ई-४ खेळणार नाही" एवढं बोलून तू फोन ठेवलास. म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं सारून डाव सुरू करणंच बंद! मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे पत्र.

रुय लोपेझमध्ये, म्हणजे तुझ्या त्या ई-४ने होणाऱ्या नेहमीच्या सुरुवातीत, समोरच्याने आठव्या चालीला डी-५ करून एक प्यादं देऊ केलं. हा सगळं घोकून आलाय असं वाटून तू बिचकलीस, फुकटचं प्यादं घेतलंच नाहीस. पुढे घड्याळानेच तुला हरवलं.

हीच चाल १९१८ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने क्युबाच्या कापाब्लांकावर, म्हणजे पुढच्या जगज्जेत्यावर, टाकली. ती त्याने वर्षानुवर्षं लपवून ठेवली होती म्हणतात. मला ती गोष्ट तिखटमीठ लावलेली वाटते. पण १९०९च्या सामन्यात कापाब्लांकाने त्याला ८ डाव हरवले होते आणि स्वतः एकच हरला होता. वचपा काढायची खुमखुमी असणारच.

कापाब्लांकाने पुढे लिहून ठेवलंय, की हल्ल्याच्या सगळ्या वाटा समोरच्याला पाठ असणार हे त्याला कळत होतं. तरी थोडा विचार करून त्याने प्यादं मारलं.

पट मांड आणि पंधराव्या चालीपाशी थांब. मार्शलचा घोडा एफ-२ वर येऊन आदळतो. वजिराने तो मारायला हात शिवशिवतात. पण मारलास तर आधी उंटाची शह, मग तोच उंट मागे येऊन वजिरावर. कापाब्लांका घोड्याला हातच लावत नाही, हत्ती ई-२ वर आणतो. मग राजाला एफ-१, ई-२, डी-३, सी-२ असा चालत पलीकडे नेतो. एवढ्या धुमश्चक्रीत त्याचा ए-१चा हत्ती ३१व्या आणि बी-१चा घोडा ३२व्या चालीपर्यंत जागचे हललेले नाहीत! ३६व्या चालीला डाव संपला.

तू प्यादं घेतलं असतंस तर तुझा प्रतिस्पर्धी पुढे जे खेळला असता, ते मात्र बहुधा त्या दिवसाचं नसतं. अकराव्या चालीला घोडा मागे नेण्याऐवजी सी-६ करायचं, ही सुधारणा नंतरची आणि ती भक्कम आहे. म्हणून पुष्कळ ग्रँडमास्टर आठव्या चालीला सी-३ ऐवजी ए-४ किंवा एच-३ करून ही भानगडच टाळतात. तुलाही टाळायची तर तशी टाळ. त्यासाठी ई-४ कशाला सोडतेस?

आज चाली सुचवणारं कॉम्प्युटरचं इंजिन लावू नकोस. ए-४ नंतर काळ्याचं बी-५चं प्यादं कोण कसं सांभाळतं, तेवढं हाताने मांडून बघ आणि दहाच्या आत झोप. आईने पाठवलेले लाडू रूममधल्या मुलींनाही दे.

तुझा,
बाबा