जहाज नकाशावर दिसते, पण त्याला हटकणार कोण?

महोदय,

मोठ्या मालवाहू जहाजांचा माग आता कोणालाही मोबाइलवर काढता येतो, त्यामुळे किनारे सुरक्षित झाले, असा समज रूढ होत आहे. मॉरिशसच्या किनाऱ्यावर २५ जुलै २०२० रोजी रुतलेल्या ‘वाकाशियो’ जहाजाची हकीकत पाहता तो समज टिकत नाही.

जपानमध्ये २००७ साली बांधलेले हे जहाज सुमारे ३०० मीटर लांब व ५० मीटर रुंद होते. त्याची भारवहन क्षमता दोन लाख टनांहून अधिक होती. मात्र अपघातसमयी ते रिकामे होते आणि लोहखनिज भरून घेण्यासाठी ब्राझीलकडे निघाले होते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० सकल टन व त्यावरील प्रत्येक जहाजावर एआयएस ही स्वयंचलित ओळख यंत्रणा सक्तीची आहे. मोबाइलवरच्या नकाशात दिसते ती तिचीच माहिती. ती जहाजाचे स्थान, वेग आणि दिशा दर काही सेकंदांनी प्रसारित करते, तर गंतव्य बंदर आणि जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे हा आकडा खलाशी हाताने भरतात, म्हणून तो नेहमीच अचूक असेल असे नाही. टाकीत इंधन किती आहे, हे तर नकाशावर दिसतच नाही. ‘वाकाशियो’मध्ये ते सुमारे चार हजार टन होते, आणि त्यातील जवळपास एक हजार टन प्रवाळांच्या उथळ पाण्यात सांडले.

जहाज भाडेकराराने चालवणाऱ्या जपानी कंपनीने नंतर जाहीर केले की, किनाऱ्यापासून २२ सागरी मैल अंतर राखण्याचा बेत अपघाताच्या दोन दिवस आधी बदलून ते ५ मैलांवर आणले गेले, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी मोबाइलचे सिग्नल मिळावेत म्हणून ते २ मैलांवर आणण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी वापरलेला सागरी नकाशाही पुरेशा बारकाव्याचा नव्हता. जहाज किनाऱ्याकडे सरकत असल्याचे सिग्नल जात होते; त्या सिग्नलांचा अर्थ लावून जहाज वेळेत वळवले गेले नाही, हे मला सर्वांत अस्वस्थ करते.

हा प्रश्न आपल्याही किनाऱ्याचा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये सुमारे साठ हजार टन कोळसा घेऊन गुजरातमधील दहेज बंदराकडे जाणारे ‘रॅक’ जहाज मुंबईजवळ बुडाले आणि त्याचे तेल आपल्या किनाऱ्यांवर आले. त्या दुर्घटनेचे कारण वेगळे होते, पण नुकसान सोसावे लागले ते किनाऱ्यालाच. आज जयगड बंदरात ‘वाकाशियो’च्या तोडीची जहाजे येतात. आपल्या दीपगृहांवर एआयएसचे संदेश टिपणारी केंद्रे आहेत, ही जमेची बाजू आहे. परंतु एखादे अवाढव्य जहाज नेहमीचा मार्ग सोडून किनाऱ्याकडे वळले, तर किती अंतरावर धोक्याचा इशारा मिळतो, कप्तानाशी संपर्क कोण साधतो आणि उत्तर न आल्यास पुढचे पाऊल कोणते, हे संबंधित यंत्रणांनी कोकणातील मच्छीमारांना आणि किनारी ग्रामपंचायतींना मराठीत लेखी कळवावे, अशी माझी मागणी आहे.

— एक वाचक, रत्नागिरी